आणखी थोडे दूर

(तारेशिवाय संदेश पाठवता येतो, याचे आज कोणाला नवल वाटत नाही. पण हा संदेश एका खोलीतून निघून समुद्रापार कसा पोहोचला, आणि तो आपल्या दौंडपर्यंत कसा आला, त्याची हकीकत या पाठात सांगितली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, पुण्याहून अहिल्यानगरकडे जाताना पारनेर तालुक्यात सुपा हे गाव लागते. गावाच्या आसपास मोकळा माळ आहे, डोंगर आहेत आणि डोंगरमाथ्यावर पवनचक्क्या फिरताना दिसतात. अशा डोंगराळ भागात मोबाइलची रेंज गेली, तर माणूस काय करतो? घराबाहेर येतो, गच्चीवर चढतो, नाही तर जवळची टेकडी गाठतो. घरातल्या वायफायचेही तसेच आहे. यंत्राजवळ बसले की इंटरनेट झटपट चालते. दोन भिंती ओलांडून अंगणात गेले की ते अडखळू लागते. मग आपण ते यंत्र उंच फळीवर ठेवून पाहतो, दाराजवळ सरकवून पाहतो.

असे करताना तुमच्या लक्षात येत नसेल, पण सन १८९५ मध्ये इटलीतील एका मुलाने केलेलाच प्रयोग तुम्ही पुन्हा करत असता. त्या मुलाचे नाव गुलिएल्मो मार्कोनी. त्याला सारखा एकच प्रश्न पडे : संदेश येथपर्यंत पोहोचला, आता तो आणखी थोडे दूर कसा जाईल?

गुलिएल्मोचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतील बोलोन्या शहरात झाला. त्याचे वडील जुझेप्पे हे सधन जमीनदार होते. आई अॅनी मूळची आयर्लंडची. बोलोन्याजवळच्या पोंतेक्क्यो या खेड्यात त्यांचे मोठे घर होते. गुलिएल्मोचे बरेचसे शिक्षण घरीच झाले. शाळेत तो फारसा चमकला नाही, आणि विद्यापीठातही त्याला प्रवेश मिळाला नाही. मात्र विजेच्या प्रयोगांचे त्याला भारी वेड होते. बोलोन्याचे प्रसिद्ध प्राध्यापक आउगुस्तो रीघी यांनी त्याची ही आवड ओळखली आणि त्याला मार्गदर्शन केले.

त्या काळी तारायंत्र होते. पण त्यासाठी गावोगावी खांब रोवून तारा ओढाव्या लागत. समुद्रापार संदेश पाठवायचा तर समुद्राच्या तळाशी जाड केबल टाकावी लागे. एकदा जहाज किनारा सोडून गेले की त्याची काहीच खबर मिळत नसे. ते बुडाले, तरी ती गोष्ट कित्येक दिवस कोणाला कळत नसे.

सन १८८८ च्या सुमारास जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिश हर्ट्झ यांनी एक महत्त्वाचा शोध लावला होता. विजेची ठिणगी पाडली की तिच्यातून डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरी निघतात आणि त्या हवेतून पलीकडे जातात, हे त्यांनी प्रयोगाने सिद्ध केले. सन १८९४ मध्ये हर्ट्झ ऐन तारुण्यात वारले. त्यांच्या कार्याविषयीचा लेख वीस वर्षांच्या गुलिएल्मोच्या वाचनात आला आणि त्याच्या मनात विचार चमकला, की या लहरींकडून तारायंत्राचे काम का करून घेऊ नये?

घराच्या पोटमाळ्यावर पूर्वी रेशमाचे किडे पाळत असत. आईने ती जागा त्याला प्रयोगांसाठी दिली. तेथे तो रात्रंदिवस खपू लागला. एका टोकाला ठिणगी पाडणारे यंत्र आणि दुसऱ्या टोकाला लहरी पकडणारे यंत्र. पकडणाऱ्या यंत्रात काचेची एक बारीक नळी होती आणि तिच्यात धातूचा कीस भरलेला होता. लहर आली की कीस एकमेकांना चिकटे, त्यातून वीज वाहू लागे आणि घंटा वाजे. फ्रान्समधील ब्रानली यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी अशी नळी आधीच बनवली होती. गुलिएल्मोने ती सुधारून अधिक नाजूक, अधिक तीक्ष्ण केली. एका रात्री त्याने आईला झोपेतून उठवून माळ्यावर नेले आणि तारेचा कसलाही संबंध नसताना खोलीच्या पलीकडची घंटा वाजवून दाखवली. वडिलांना सुरुवातीला हे सारे खुळ वाटे. पुढे मात्र त्यांनीही पैशांची मदत केली.

आता अंतर वाढवायचे होते. सन १८९५ मध्ये गुलिएल्मोने आपली यंत्रे बागेत आणली. ठिणगी मोठी करून पाहिली, पण संदेश काहीशे मीटरांपलीकडे जाईना. मग त्याने एक साधीशी युक्ती केली. यंत्राला जोडलेला धातूचा एक पत्रा त्याने उंच खांबावर टांगला आणि दुसरा जमिनीत पुरला. पकडणाऱ्या यंत्राच्या बाजूलाही त्याने अशीच मांडणी केली. अंतर एकदम वाढले. खांब जितका उंच, तितका संदेश दूर जाऊ लागला. आज आपण ज्याला अँटेना म्हणतो, तिचेच हे रूप होते.

त्याचा थोरला भाऊ अल्फोन्सो संदेश पकडणारे यंत्र घेऊन शेतात जाई आणि संदेश मिळाला की रुमाल हलवी. पण समोर टेकडी होती. टेकडीपलीकडे संदेश जाईल का? तेथून हलवलेला रुमाल घरातून दिसणार नव्हता, म्हणून या वेळी सोबत बंदूक नेण्यात आली. गुलिएल्मोने घरातून तीन टिंबांचा संकेत पाठवला. क्षणभर शांतता पसरली आणि मग टेकडीमागून बंदुकीचा बार ऐकू आला. संदेश टेकडी ओलांडून गेला होता! अंतर होते सुमारे दोन किलोमीटर.

मित्रांनो, येथे आपल्या देशातील एका थोर शास्त्रज्ञाची आठवण ठेवली पाहिजे. त्याच वर्षी, म्हणजे १८९५ मध्ये, कोलकात्याला जगदीशचंद्र बोस यांनी अशाच अदृश्य लहरी भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवून दाखवली. इंग्लंडमध्ये लॉज आणि रशियात पोपोव्ह हेही याच लहरींवर काम करत होते. तेव्हा बिनतारी संदेशाचे सारे श्रेय एकट्या मार्कोनीचे नाही. इतरांचे लक्ष लहरींच्या गुणधर्मांवर होते, तर मार्कोनीचे लक्ष अंतरावर होते. बोस यांना आपल्या शोधांचे पेटंट घेऊन पैसा मिळवण्याची इच्छा नव्हती. मार्कोनीने मात्र शोधाचा धंदा उभा केला.

इटलीत पुरेसा पाठिंबा मिळेना, तेव्हा १८९६ मध्ये मार्कोनी आईबरोबर इंग्लंडला गेले. तेथे त्यांनी बिनतारी तारायंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला. इंग्लंडच्या टपाल खात्याचे मुख्य अभियंते विल्यम प्रीस यांनी त्यांना मदत केली. मे १८९७ मध्ये ब्रिस्टलच्या खाडीत सुमारे सहा किलोमीटर पाण्यावरून संदेश गेला. त्याच वर्षी मार्कोनींनी कंपनी स्थापन केली. मार्च १८९९ मध्ये फ्रान्सहून इंग्लंडला सुमारे पन्नास किलोमीटरची सामुद्रधुनी ओलांडून संदेश पोहोचला.

आता मार्कोनींनी अटलांटिक महासागर ओलांडण्याचा इरादा केला. अनेक विद्वानांना हे अशक्य वाटत होते. त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. लहरी प्रकाशाप्रमाणे सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी तर गोल आहे. मग लहरी पृथ्वीच्या बाकाबरोबर न वळता आकाशात निघून जातील, असे ते म्हणत. मार्कोनींजवळ याला उत्तर नव्हते. पण लहरींनी टेकडी ओलांडलेली त्यांनी पाहिली होती. म्हणून प्रयोग करून पाहायचा, असे त्यांनी ठरवले.

इंग्लंडच्या टोकाला पोल्ढू येथे त्यांनी प्रचंड शक्तीचे केंद्र उभारले. सप्टेंबर १९०१ मध्ये वादळात त्याचे उंच खांब कोसळले. अमेरिकेतील केंद्राचे खांबही नोव्हेंबरात पडले. तरी मार्कोनींनी हिंमत सोडली नाही. पोल्ढूला तात्पुरती अँटेना उभारून ते दोन मदतनीस घेऊन न्यूफाउंडलंड बेटावर गेले. आज हे बेट कॅनडात आहे. तेथे खांब उभारायला वेळ नव्हता, म्हणून पतंगाच्या आधाराने तार आकाशात चढवायचे ठरले. तुम्ही उडवता तसाच, पण फार मोठा पतंग! डिसेंबरचे दिवस होते आणि बोचरा वारा सुटला होता. एक फुगा वाऱ्याने हिरावून नेला. एक पतंगही गेला. दुसरा पतंग मात्र सुमारे दीडशे मीटर उंचीवर कसाबसा टिकून राहिला.

१२ डिसेंबर १९०१. दुपारचे साडेबारा वाजले होते. मार्कोनींनी कानाला ऐकण्याचे यंत्र लावले होते. वाऱ्याच्या घोंघावण्यातून त्यांना तीन बारीक ठोके ऐकू आले. तीन टिंबे म्हणजे मोर्सच्या लिपीतील एस हे अक्षर. त्यांनी ते यंत्र मदतनीस केंप यांच्या हाती दिले आणि त्यांनाही ठोके ऐकू आले. पोल्ढू तेथून सुमारे ३,४०० किलोमीटर दूर होते.

या वेळी लहरी पकडण्यासाठी पाऱ्याचा वापर केलेले एक नाजूक साधन वापरले होते. ते मार्कोनींना इटलीच्या नौदलातील मित्राकडून मिळाले होते. बोस यांनी १८९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या साधनाशी त्याची रचना मिळतीजुळती होती, हे पुढे संशोधकांनी दाखवून दिले.

हे ठोके दोघांनीच ऐकले. कागदावर त्यांची काहीच नोंद उमटली नाही. म्हणून अनेकांनी शंका घेतली. ती खरोखर पोल्ढूची खूण होती की हवेतील विजेचा खडखडाट, यावर अभ्यासक अजूनही वाद घालतात. शंकेला उत्तर कसे द्यावे? मार्कोनींनी भांडण केले नाही, दुसरा प्रयोग केला. फेब्रुवारी १९०२ मध्ये फिलाडेल्फिया नावाच्या जहाजातून अमेरिकेला जाताना त्यांनी पोल्ढूचे संदेश कागदी पट्टीवर उमटवून घेतले आणि जहाजाच्या कप्तानाची साक्ष घेतली. या प्रवासात एक नवी गोष्ट कळली. दिवसा संदेश अकराशे किलोमीटरांच्या आसपास थांबत. रात्री मात्र ते त्याहून कितीतरी दूर पोहोचत. याचे कारण त्या वेळी मार्कोनींनाही ठाऊक नव्हते. वातावरणात खूप उंचावर विद्युतभारित थर आहे आणि काही लहरी त्यावरून परतून पुन्हा जमिनीकडे येतात, असे अनुमान १९०२ मध्येच दोन शास्त्रज्ञांनी मांडले. त्याचा पुरावा १९२४ मध्ये अॅपलटन यांनी दिला. विद्वानांचे म्हणणे बरोबर होते, लहरी सरळच जातात. पण वर आकाशात जणू एक छत आहे, हे त्यांना माहीत नव्हते.

सन १९०९ मध्ये मार्कोनींना जर्मन शास्त्रज्ञ ब्राउन यांच्यासह भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा त्यांचे वय ३५ वर्षांचे होते.

बिनतारी संदेशाची खरी परीक्षा समुद्रात झाली. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री टायटॅनिक हे अवाढव्य जहाज हिमनगावर आदळले. जहाजावर मार्कोनी कंपनीचे दोन तरुण तारबाबू होते. जहाज बुडू लागले, तरी ते मदतीची हाक पाठवत राहिले. सुमारे नव्वद किलोमीटरांवरील कार्पेथिया जहाजाने ती हाक ऐकली आणि तातडीने येऊन सातशेहून अधिक माणसांना वाचवले. सुमारे पंधराशे माणसे मात्र बुडाली. दोघा तारबाबूंपैकी फिलिप्स हेही त्यांत होते. दुःखाची गोष्ट अशी, की कॅलिफोर्नियन नावाचे दुसरे जहाज याहून बरेच जवळ होते, पण त्यावरचा तारबाबू काम संपवून झोपी गेला होता. हाक कितीही दूर गेली, तरी ऐकणारा जागा असावा लागतो. या अपघातानंतर मोठ्या जहाजांवर चोवीस तास संदेश ऐकत राहण्याचे नियम झाले.

एवढे यश मिळूनही मार्कोनींना आपली एक चूक उमगली. दूर जायचे म्हणून ते वर्षानुवर्षे अधिकाधिक लांब लहरी आणि अधिकाधिक मोठी यंत्रे वापरत आले होते. आता ते आखूड लहरींकडे वळले. सन १९२३ मध्ये आपल्या एलेत्रा नावाच्या जहाजावरून त्यांनी प्रयोग केले आणि आखूड लहरी थोड्या शक्तीत फार दूर जातात, हे सिद्ध केले. शिवाय या लहरी एकाच दिशेने सोडता येत. कंदिलाचा उजेड चोहीकडे पसरतो, म्हणून तो दूर जात नाही. बॅटरीचा झोत एकाच दिशेने जातो, म्हणून तो लांबचे झाडही दाखवतो. अँटेनाच्या मागे तारांचा पडदा उभारून मार्कोनी व त्यांचे सहकारी फ्रँकलिन यांनी लहरींचा असाच झोत तयार केला.

या झोत पद्धतीने इंग्लंड आणि दूरदूरचे देश जोडण्याचे ठरले. भारतासाठी दोन जागा निवडण्यात आल्या, आणि त्या दोन्ही आपल्या महाराष्ट्रात. संदेश पाठवण्याचे केंद्र पुण्याजवळ खडकीला आणि संदेश पकडण्याचे केंद्र दौंडला. सुप्याहून दौंड सरळ रेषेत साठ किलोमीटरही नाही. दोन केंद्रे एवढी दूर का ठेवली असतील? ढोल वाजत असताना कानाशी कोणी कुजबुजले तर ऐकू येईल का? खडकीचा जोरदार संदेश दौंडच्या नाजूक कानाला त्रास देऊ नये, म्हणून हे अंतर. ६ सप्टेंबर १९२७ रोजी ही सेवा सुरू झाली. इंग्लंडहून निघालेला संदेश सुमारे सात हजार किलोमीटर पार करून दौंडच्या माळावर उतरू लागला. पोंतेक्क्योच्या टेकडीपलीकडे गेलेल्या तीन टिंबांनी बत्तीस वर्षांत एवढी मजल मारली होती.

मार्कोनींच्या चरित्राला एक काळी बाजूही आहे. सन १९२३ मध्ये ते इटलीच्या फॅसिस्ट पक्षात सामील झाले. हुकूमशहा मुसोलिनीने त्यांना देशातील मोठ्या विद्वत्सभेचे अध्यक्षपद दिले आणि त्यांनी ते स्वीकारले. ज्याने दूरच्या माणसांना जोडले, त्याने लोकांचा आवाज दाबणाऱ्या सत्तेला साथ द्यावी, ही खेदाची गोष्ट आहे.

प्रयोग मात्र त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाहीत. सन १९३२ मध्ये त्यांनी जेमतेम अर्धा मीटर लांबीच्या लहरींवर काम केले. आजचे मोबाइल आणि वायफाय याच घराण्यातील त्याहूनही आखूड लहरींवर चालतात. २० जुलै १९३७ रोजी रोम येथे मार्कोनींचे निधन झाले. जगभरातील बिनतारी केंद्रे दोन मिनिटे बंद ठेवण्यात आली. मार्कोनींच्या आधी जशी शांतता होती, तशी ती क्षणभर परत आली. त्याच वर्षी नोव्हेंबरात जगदीशचंद्र बोस यांनीही जगाचा निरोप घेतला.

मित्रांनो, आता पुन्हा सुप्याच्या माळावर येऊ. वायफायच्या लहरी जेमतेम बारा सेंटिमीटर लांबीच्या असतात. त्या आकाशातील छतावरून परतत नाहीत, आणि भिंत, झाड व डोंगर त्यांना अडवतात. म्हणून शेतातल्या घरापर्यंत इंटरनेट न्यायचे असेल, तर दोन्ही टोकांना उंचावर लहान तबकड्या बसवतात, त्यांची तोंडे एकमेकींकडे करतात आणि मध्ये अडथळा नाही ना, हे पाहतात. मध्ये डोंगर आलाच, तर माथ्यावर तिसरे यंत्र बसवून संदेश पुढे पाठवतात. उंची वाढवा, कान तीक्ष्ण करा आणि झोत एकाच दिशेने सोडा, हेच तीन धडे मार्कोनींनी आयुष्यभर गिरवले. नुसता आवाज मोठा करून त्यांना फार दूर जाता आले नाही.

पुढच्या वेळी रेंज शोधत गच्चीवर चढाल, तेव्हा टेकडीमागून आलेला तो बंदुकीचा बार जरूर आठवा.

शब्दार्थ

हकीकत – घडलेली गोष्ट
सधन – श्रीमंत
लहर – लाट
कीस – बारीक चुरा
संकेत – खूण, इशारा
सामुद्रधुनी – दोन समुद्रांना जोडणारा पाण्याचा चिंचोळा पट्टा
अनुमान – अंदाज
हिमनग – समुद्रात तरंगणारा बर्फाचा डोंगर
मजल मारणे – मोठे अंतर पार करणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) गुलिएल्मोला प्रयोगांसाठी कोणती जागा मिळाली?
(आ) टेकडीपलीकडे जाताना सोबत बंदूक का नेली?
(इ) दौंडच्या केंद्राचे काम कोणते होते?

२. कारणे लिहा.
(अ) अटलांटिक महासागरापार संदेश जाणार नाही, असे विद्वानांना वाटत होते.
(आ) खडकी आणि दौंड येथील केंद्रे एकमेकांपासून दूर ठेवली होती.

३. बिनतारी संदेशाचे सारे श्रेय एकट्या मार्कोनीचे का नाही, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.

४. खबर, हिंमत, इरादा, मदत हे शब्द मराठीत आणि उर्दूतही वापरतात. पाठातून असे आणखी पाच शब्द शोधा व त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.